पाळण्याखालचा माणूस

पाना पडला तो महिपतकडे तोंड करून – जबडा उघडा, दांड्यावर ग्रीसचा डाग, त्या डागात कुणाच्या तरी अंगठ्याची खूण – आणि ही खूण आपल्याला दिसतेच कशी, हे त्याच्या लक्षात आलं तोवर त्याची नजर खाली जाऊन परत वर आली होती. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढा पुरतो. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात तेवढाच लागला होता.

वर. वर. हळू.

वर सखाराम. यंत्राच्या लांब हाताच्या टोकाला लोखंडी पिंजरा. मिरजोळ्याच्या या मासळीच्या कारखान्यात सगळे त्याला पाळणा म्हणत. पाळण्यात उभं राहून, पाळणा हलवायचे दांडे ओढत, सखाराम छपराच्या लोखंडी कैच्या रंगवायचा, आणि त्याच्या पाठीमागून काय येतंय ते खालच्या माणसानं बघायचं. बघायचं आणि हातानं सांगायचं, बस. डिसेंबरात खालचा माणूस महिपत होता, आणि सखारामची दोन बोटं पाळण्याचा कठडा आणि कैची यांच्यामध्ये राहिली.

"पाना पडला म्हणून उचलायला वाकलो, साहेब."

चौकशीत एवढंच बोलला. खरंच होतं ते. साहेबांना इतकं पटलं की, तुझ्याएवढं हे कुणाला कळणार, म्हणत चार नवी माणसं शिकवायला त्यांनी त्याच्याच गळ्यात बांधली – मात्र सखारामची हरकत नसेल तर. आज चार महिन्यांनी सखाराम पहिल्यांदा चढलाय. उतरल्यावर तो नको म्हणाला, की महिपत परत बर्फाच्या लाद्या ओढायला.

"हात मोकळे ठेवायचे," सकाळी त्यानं चौघांना सांगितलं होतं. "कोणी काय मागितलं तरी द्यायचं नाही. फक्त बघायचं."

"नुसतं उभं ऱ्हायाचं?" जानूनं विचारलं. चाळिशी ओलांडलेला, बुरोंडीचा, अर्धा जन्म होडीवर गेलेला. "आमच्यात जाळं वडताना कोन नुसता उभा ऱ्हायला तर त्याला कालवन पन वाढत नायत."

बाकीचे हसले. महिपतला त्या हसण्याचा संताप आला, कारण ते खोटं नव्हतं – माणसं राबतायत आणि आपले हात रिकामे, ही लाज त्यालाही आईच्या दुधाबरोबर मिळालेली. खांबासारखा काय उभा, ती म्हणायची. आणि डिसेंबरात, त्या दिवशी, वरून सखाराम, सगळ्यांच्या देखत… "खांब बरा रे तुझ्यापेक्षा. खांबाला पगार नाय द्यावा लागत."

थांब.

नाही, थांबची खूण अजून नाही. अजून हातभर जागा आहे.

"महिपत, पाना पडला रे," वरून आवाज आला. "देतोस?"

पडला? टाकलान. मुद्दाम टाकलान.

"मी देतो," म्हणत जानू वाकायला लागला.

"हात लावू नको! मेल्या, वर बघ, वर!"

जानू तसाच अवघडून उभा राहिला. सखाराम वर हसला. मग त्यानं आपला तो हात – तीन बोटांचा – मागच्या कठड्यावर बाहेरच्या बाजूनं ठेवला, कैचीकडे पाठ करून, सावकाश, देवापुढे नारळ ठेवावा तसा.

"सांग आता. कुठं नेऊ?"

पाळणा मागं सरकत राहिला. टीचभर जागा. पुढं तीन बोटं.

"त्या दिवशी आदी काय केलंस रे? आदी वाकलास की आदी बगितलंस?"

चौघांना वाटलं, शिकवण्यातलाच प्रश्न. महिपतचे डोळे त्या टीचभर फटीत अडकले… अशीच फट होती. अशीच, उजेडाची एक पट्टी, आणि तिच्या कडेला त्याची बोटं, आणि खांब हा शब्द कानात अजून गरम. पाना नंतर पडला. नाही, आधी पडला. आधी पडला आणि मी… मी पट्टी बघितली. बारीक होत होती. मग केवढं बरं वाटलं, खाली उचलण्यासारखं काहीतरी आहे म्हणून.

त्याचा हात वर गेला. पंजा उघडा. थांब.

सखाराम थांबला. दांड्यावरचा त्याचा दुसरा हातही थांबला. कैचीकडे पाठ, नजर महिपतच्या पंजावर. आता 'खाली'ची खूण करायची, की तो सुखरूप उतरणार आणि साहेबांना काय सांगायचं ते सांगणार. मनगट वळवायचं, एवढंच.

महिपत बघत राहिला. खांदा दुखायला लागला होता. पाना पायाशी जबडा उघडून पडलेला, आणि त्याला त्याची आठवणसुद्धा नव्हती. इतका वेळ इतकं नीट त्यानं आयुष्यात काहीच बघितलं नव्हतं – ती पट्टी, ती तीन बोटं, वाट बघणारा तो चेहरा – आणि हात खाली घ्यायची त्याला काही घाई नव्हती.