हॉलमधले सर, घरातले बाबा

पोराची डावी कूस दुखायला लागली तेव्हा बॉक्सिंगच्या मास्तरांनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या बापानेच, ते हसण्यावारी नेलं. कुणाचा तरी ठोसा बसला असेल, होईल बरं. हॉलमध्ये पोरगा त्यांना सर म्हणायचा, घरी बाबा, आणि या नियमाचा मास्तरांना कोण तोरा! पण लघवी लाल व्हायला लागली तसे ते त्याला घेऊन दवाखान्यात धावले.

मुतखडा नव्हताच. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं. "डाव्या मूत्रपिंडातून निघणारी शीर दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते. तिथे चरबीची गादी असते. याच्या अंगावर चरबीच उरली नाही, म्हणून शीर चेपली गेलीय. क्वचित होतं असं. एवढं वजन उतरलं कशाने?"

खालच्या वजनगटात पदक हमखास, म्हणून मास्तरांनीच ते उतरवलं होतं. पोटाला चिमटा, अंगावर दोन-दोन स्वेटर, आणि काटा तरीही हटून बसला तर थुंकून थुंकून तोंड कोरडं करायचं, तेवढंच वजन कमी. पोराने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"खाऊ द्या त्याला," बाई म्हणाल्या. "वजन भरलं तर शीर बहुतेक आपोआप मोकळी होईल. नाही भरलं तर ऑपरेशन. उगाच वेळ काढू नका."

एवढंच ना! मास्तरांनी वजनकाटा माळ्यावर टाकला आणि स्वतः स्वयंपाकघरात ठाण मांडलं. पण पोरगा ताटासमोर कूस धरून नुसता बसून राहायचा. मास्तर ओरडले, विनवण्या केल्या, आईची शपथ घातली. पोरगा आपला वाळतच चालला.

"अरे राजा, तुझा बाप सांगतोय. खा की रे."

"खायचंय हो, बाबा." पोरगा रडकुंडीला आला होता. "पण घास उचलला की सर बघतात."

मग मास्तरांनी आपल्या हाताने घास केला, पोरगा लहान असताना करायचे तसा, आणि पुढे धरला. पोराने डोळे घट्ट मिटून आ केला. चावला. मास्तरांचा जीव भांड्यात पडणार, तोच तो उठला, बेसिनपाशी गेला आणि शिकवलं होतं तसा, तोंड कोरडं होईपर्यंत थुंकत राहिला.