दहा मिनिटांतली तीन मिनिटं

मी स्वयंपाकघरातला टायमर बोलतोय. पिळून टेबलावर ठेवला की टकटक करणारा आणि वेळ भरली की ठणाणा करणारा. पांढरा, वाटोळा, मुठीत मावेल एवढा, पोटावर शून्यापासून साठपर्यंत आकडे. बसा ना, उभ्यानं काय ऐकता?

जन्म माझा कारखान्यातला, पण वळण लागलं भांड्यांच्या दुकानात. वर्षभर काचेच्या फळीवर बसून होतो. दुकानदार बोलायला गोड, पण गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा हाताकडे जास्त बघायचा. म्हणायचा, "तोंड सगळ्यांचंच साखरेचं असतं. हात बघावेत." एकदा एका सज्जन दिसणाऱ्या काकांनी कढईचं कौतुक करता करता तिचं झाकण पिशवीत सारलं. वर दुसऱ्या दिवशी, घरच्या कढईला बसत नाही म्हणून बदलून मागायला आले! असल्या दुकानात वाढलेला जीव मी. कोणावर विश्वास टाकायचा तर आधी दोनदा ठोकून बघणार.

एके दिवशी एक बाई घाईघाईनं आल्या. त्यांची लॉन्ड्री होती. मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचे डाग. म्हणाल्या, "रोज सकाळी घरात दहा मिनिटं शास्त्रवाचन आणि प्रार्थना करायचं ठरवलंय. पण भिंतीवर घड्याळ असलं की सगळे एक डोळा उघडून तिकडेच बघतात. कानानं वेळ कळेल असं काहीतरी द्या."

दुकानदारानं मला खाली काढलं. "हा घ्या. फक्त एक लक्षात ठेवा ताई, दहावर लावायचा असला तरी आधी—"

"कळलं हो, कळलं! इस्त्री तापत ठेवून आलेय." आणि बाई पायऱ्या उतरल्यासुद्धा. वाक्य दुकानात राहिलं, मी पिशवीतून घरी गेलो.

घरात माणसं चार. ही आई. वडील बस चालवायचे, सकाळची पहिली फेरी त्यांची. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आणि सोळा वर्षांची लेक, चिमी. सव्वासहाला सगळे टेबलाशी बसायचे. आई गॅसवर चार अंडी ठेवायची आणि मला दहावर फिरवायची. अंडीही उकडतील आणि प्रार्थनाही होईल, असा तिचा हिशेब. वडील पवित्र शास्त्र उघडून एक स्तोत्र म्हणायचे, मग आईची दोन वाक्यांची प्रार्थना, मग आत्या, शेवटी चिमी.

आत्यांची प्रार्थना म्हणजे मालगाडी. एकेका नातेवाइकाला एकेक डबा. याचे गुडघे, तिची सून, त्याचं गळणारं छप्पर. ती गाडी कशीबशी फलाटाला लागायची, चिमी श्वास घेऊन "देवा..." म्हणायची, आणि माझी घंटा ठणठणायची. वडील उठून जेवणाच्या डब्याकडे, आई गॅसकडे. चिमीचा शब्द तोंडातल्या तोंडात.

चार-पाच दिवस असेच गेले. मग आत्यांनी अंडं फोडलं आणि ताटलीकडे बोट केलं. "दहा मिनिटं म्हणे! बघ हा बलक, वाहतोय नुसता. रोज कच्चंच खातेय मी."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "म्हणजे कोणीतरी याला मागे फिरवतंय. अहो, तुम्हीच ना? पहिल्या फेरीची घाई!"

"मी? माझी मान पुस्तकातून वर तरी येते का? तुझ्या लेकीला विचार. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून बसते."

"मी कशाला फिरवू, पप्पा? घंटा माझ्याच पाळीला वाजते."

"म्हणजे माझी प्रार्थना लांबते," आत्या म्हणाल्या. "सरळ बोल की."

"मी काही बोलले का, आत्या?"

"बोलली नाहीस, तेच."

संशय माझ्याही मनात होताच, आणि चौघांवर सारखाच. वडिलांवर जरा जास्त. स्तोत्र रोज वेगळं, पण पुस्तकातलं पान पहिल्या दिवसापासून तेच, चहाचा डाग पडलेलं. मी मनात म्हटलं, हा गडी उरकायला बसतो. आणि ती पोरगी? खरंच डोळे उघडे ठेवून बापाच्या हाताकडे बघत असायची. इथं कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी ती आईजवळ आली. "आई, आज पप्पांची बस थांब्यावरून सरळ पुढे गेली. मी समोर उभी राहून हात करत होते. त्यांनी मला—"

"भरली असेल गं गाडी. ती चादर धर त्या टोकानं."

"रिकामी होती, आई. मला वाटतं, पप्पांना—"

"नीट ताणून धर म्हटलं ना!"

त्या घरात कोणाचं वाक्य कोणी पुरं होऊ देत नसे. फक्त प्रार्थनेत मध्ये बोलायची कोणाची छाती नव्हती. म्हणून पोरीनं आपलं वाक्य तिथल्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि तिथं मी होतो.

शुक्रवारी घंटा वाजली तशी ती खुर्ची मागे सारून उठली. "मला बोलूच द्यायचं नाही, तर उद्यापासून मी बसते कशाला?"

"प्रार्थनेला नाही म्हणतेस?" वडील गरजले. "एवढी मोठी झालीस?"

त्या दुपारी आईनं मला घड्याळाशी ताडून पाहिलं आणि उचलून भांड्यांच्या दुकानाच्या काउंटरवर आपटलं. "तुमचा माल चोर आहे. दहाची घंटा सातव्या मिनिटाला देतो. घरात भांडण लागलंय!"

दुकानदार हसला. "ताई, त्या दिवशी माझं वाक्य अर्ध्यावर टाकून गेलात. दहावर लावायचा असला तरी आधी साठपर्यंत पूर्ण पिळायचा, मग मागे दहावर आणायचा. नाहीतर स्प्रिंगला ताण बसत नाही, लवकर वाजतो."

मी गारच पडलो. घरभर कुसळं शोधत बसलो होतो आणि मुसळ माझ्याच पोटात! पोरीची तीन मिनिटं मीच खात होतो.

शनिवारी आईनं चिमीला हाताला धरून आणलं. "बस. आज तुझ्यावर नाही वाजणार." मला साठपर्यंत करकचून पिळलं आणि मागे दहावर आणलं. वडिलांचं स्तोत्र झालं, आईची दोन वाक्यं झाली, मालगाडी गेली. आत्यांनी दोन डबे आपण होऊन सोडले, हे मी मोजलं. मग चिमी.

"देवा, पप्पा वाचत नाहीत, पाठ म्हणतात. त्यांना अक्षरं दिसत नाहीत. परवा थांब्यावर मीसुद्धा दिसले नाही. मी कडेला होते म्हणून बरं. रस्त्यात कोणी असतं तर? डॉक्टरांनी तपासलं तर गाडी जाईल, अशी त्यांना भीती वाटते. मला त्याहून मोठी भीती वाटते. त्यांना डॉक्टरांकडे ने. आमेन."

माझी दोन मिनिटं अजून बाकी होती आणि घंटेआधी उठायचं नाही, हा आईचा नियम. एरवी वडिलांनी टेबल डोक्यावर घेतलं असतं. आता ते चहाच्या डागावर अंगठा घासत राहिले. ती दोन मिनिटं मी सावकाश मोजली. घंटा दिली. कोणी उठलं नाही.

"आमेन," वडील म्हणाले. मग पुस्तक मिटून, "डेपोत फोन लावा कोणीतरी. म्हणावं, आज गाडी दुसऱ्याला द्या."

"मी लावते, पप्पा."

"लाव बाळा. मला आकडे दिसत नाहीत."

गॅसवरच्या भांड्यातलं पाणी आटून अंड्यांची कवचं तडकली होती. दगडासारखं झालेलं अंडं आत्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, वडील तीन महिने डेपोच्या कचेरीत कुरकुरत बसले, मग तपासणी होऊन पुन्हा गाडीवर गेले. चष्मा लावून पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा मध्येच थबकले. "अरेच्चा! ही ओळ मी इतकी वर्षं चुकीची म्हणत होतो."

"देवाला कळलं असेल हो, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते," चिमी म्हणाली.

आता मी म्हातारा झालोय. आईच्या अंगठ्यानं दहाचा आकडा पुसून गेलाय. ती अंदाजानं आणते मला तिथं. संशयी स्वभाव गेला नाही, फक्त सुरुवात आता स्वतःपासून करतो. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. देवासाठी दहा मिनिटं काढायची असतील तर त्याला आधी पूर्ण पिळा. आणि घंटा रोज कोणाच्या पाळीला वाजते, तेवढं एकदा बघून ठेवा.