परक्याच्या शेतात

सायकल दोघांनी मिळून चालवायची असते हे कमळाला पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही स्पेनमध्ये जाऊन. तोवर तिला सायकल ठाऊक होती ती नवऱ्याची. पुढे केसरीनाथ, मागे कॅरिअरवर भाजीची पाटी मांडीवर धरून कमळा, आणि कोन गावापासून भिवंडीच्या बाजारापर्यंत सगळे खड्डे कमळाच्या कंबरेला. इथे वलेन्सियात मुलीने, मृणालीने, भाड्याने आणलेल्या सायकलीला सीट दोन, हँडल दोन आणि पायडलांचे जोडही दोन.

"आई, तूपण पायडल मारायचं. नुसतं बसून राहायचं नाही," असं बजावून मृणाली कामावर गेली. जहाजांनी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती, आणि २००८ च्या जुलैत तिने हट्ट करून आईबापाला बोलावून घेतलं होतं.

आता कोणी म्हणेल, लुगडं नेसून बाई सायकल कशी चालवणार? अहो, गुडघ्यापर्यंत काष्टा मारलेल्या आगरी लुगड्याइतकं सायकलीला सोयीचं वस्त्र साऱ्या जगात सापडायचं नाही. रस्त्यातली माणसं वळून वळून बघत. बघा बापड्यांनो, असं म्हणून कमळा पाय मारत राही. तिची तक्रार वेगळीच होती. मागचं हँडल नुसतं धरायला होतं, सायकल वळवायची ती पुढच्याने.

"पाय मीपन मारायचे आनि जायाचं तुमी न्याल तिकडं," ती म्हणाली.

"मंग काय, दोघांनी दोन बाजूला ओढायची?" केसरीनाथ म्हणाला.

तसं शहर त्यांनी मजेत पालथं घातलं. एके दुपारी बाजारात धडाधड शटरं खाली आली तेव्हा केसरीनाथचा चेहरा उतरला. भिवंडीत जन्म काढलेला माणूस तो, भरदुपारी शटरं पडली म्हणजे कुठेतरी राडा झाला, एवढंच त्याला माहीत. "चल गो, पयलं घर गाठू," म्हणत त्याने सायकल अशी हाणली की कमळाचे पाय पायडलांवरून सुटले. संध्याकाळी मृणालीने हसत सांगितलं की इथले लोक दुपारी जेवून झोपतात, म्हणून दुकानं बंद होतात. जुन्या नदीचं पात्र पुरानंतर कोरडं करून तिथे मोठी बाग केली होती, तिच्यातून तर ते रोज जात. "आपल्याकडं आसतं तर यवढ्यात गोदामं उभी राह्यली आसती," केसरीनाथ एकदा म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

गप्प होण्याजोगंच होतं ते. रस्त्याकडेची त्यांची जमीन गोदामांखाली कधीच गेली होती. पैसा आला, घर झालं, पोरं शिकली, त्याबद्दल कमळाचं काही म्हणणं नव्हतं. पण आता खाडीच्या अंगाचं एकच भातशेत उरलं होतं आणि त्याचाही सौदा ठरत आला होता. गावी परतलं की सही. शेत जाणारच, म्हणून यंदा राबसुद्धा केला नव्हता. राबात दाट बी पेरून, आलेली रोपं उपटून, ती पुन्हा लावायची तर शेत हाताशी राहायला हवं ना. कमळाला ते शेत हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यात दरसाल लावणी केली होती. पण नवऱ्याने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मग तीही हट्टी. मला विचारत नाही तर मी का बोलू? महिनाभर तिने हे गिळून ठेवलं होतं.

त्या सकाळी समुद्र बघायचा म्हणून दोघं निघाले. केसरीनाथने कुठलं तरी वळण चुकवलं, ते त्याने अर्थातच कबूल केलं नाही. इमारती मागे पडल्या, पाण्याचा पाट लागला, आणि त्या पाटाच्या कडेने जरा पुढे जातात तो काय, दोन्ही बाजूंना भात. हिरवंगार, पाण्यात उभं, नजर पोचेल तिथपर्यंत. कमळाने पाय मारायचे थांबवले.

"अवं, थांबा. भात हाय."

केसरीनाथ थांबला. "भात तं भात," तो म्हणाला, पण उतरून तोही बघतच राहिला.

कमळा चपला काढून बांधावर गेली. पाहते तर रोप दाट, एकाला एक खेटून, आणि चांगलं गुडघ्याला आलेलं. तिचा जीव खालीवर झाला. "ह्यांनी राब तसाच ठेवलाय. रोपं म्हातारी व्हायला आली न् लावनीचा पत्ता न्हाय. मानसं मिलाली न्हाईत वाटतं बिचाऱ्यांना."

"आपल्याला काय करायचंय? लोकाच्या उठाठेवी," केसरीनाथ म्हणाला.

पण कमळा कुठली ऐकते. ती खाली उतरली सुद्धा. चिखल घोट्याच्या वर आला आणि बाईला माहेरी आल्यासारखं वाटलं. हात आपोआप चालू लागले. उपटायचं, मुळं पाण्यात झटकायची, मूठ भरली की काडीने बांधून बांधावर टाकायची. बघता बघता बांधावर मुठींची रांग लागली.

तेवढ्यात मोपेडवरून एक म्हातारा आला. गवती टोपी, उघडे दंड, भाजलेला चेहरा. शेत त्याचंच, हे सांगायला भाषा लागत नव्हती. मुठी बघून तो जे बोलत सुटला, त्यातलं अक्षर कळलं नाही तरी अर्थ पुरता कळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. केसरीनाथने हात जोडले. कमळाने मूठ उचलली आणि पलीकडे बोट दाखवून, वाकून, लावायची खूण केली.

म्हाताऱ्याने मान हलवली. कमरेला काल्पनिक पिशवी धरून तो मुठी भरभरून बी फेकल्यासारखं करत बांधावरून चार पावलं चालला. झालं, एवढंच.

"नुसतं फेकतात?" कमळा हबकली. "मंग हा राब न्हाय?"

म्हणजे तिने परक्या माणसाचं उभं पीक उपटलं होतं. तिचे डोळे भरून आले. तिचं तोंड बघून म्हाताऱ्याचा राग उतरला असावा. त्याने बांधलेली एक मूठ उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. मग तळवा आपल्या मांडीपाशी धरला, मी एवढा होतो तेव्हा, आणि वाकून तीन बोटांनी रोप खोचायची खूण केली. त्याच्याही घरी कधीकाळी लावणी होत होती. तो हसला आणि उपटून मोकळ्या झालेल्या जागेकडे हात दाखवला. लावा परत.

कमळा लावायला वाकली. वाकते तर शेजारी पाण्यात चुबुक आवाज. केसरीनाथ, ज्याने कित्येक वर्षांत चिखलात पाय घातला नव्हता, पँट दुमडून उतरला होता. दोघं एका ओळीत मागे मागे सरकत लावू लागले. म्हातारा बांधावर बसून बघत होता.

"तुमचा हात आजून बसलेला हाय," कमळा म्हणाली.

"तो कुठं जातो?" एक रोप खोचून केसरीनाथ खाली बघतच म्हणाला, "कमला, मना वाटलं मी तुजी सुटका करतोय."

"कसली सुटका?"

"चिखलातनं. मनोज पोटात व्हता तवा तूच बोललेलीस लावनीत. जल्लं मेलं तं शेत, जीव खाल्ला माजा. तं मना लागलेलं. म्हटलं, एक दिवस हिला ह्यातनं काढीन."

कमळा ताठ उभी राहिली. एवढी वर्षं हा माणूस ते मनात धरून बसला होता. तिला हसावं की रडावं कळेना.

"अवं, कंबर दुखली की मानूस बोलतं. मी तुमालाबी रोज जल्लं मेलं म्हनते, म्हनून काय तुमाला इकायचं?"

केसरीनाथ लावत एक पाऊल मागे सरकला.

"मना इचारलं का न्हाय? एकदा इचारायचं व्हतं. शेत नका देऊ. मना हवं हाय तं. मी हाय तवर मना त्यात उतरायचंय." आणि बोलता बोलता ती रडली, रडत रडत लावत राहिली.

केसरीनाथने हातातली मूठ लावून संपवली. मग तो म्हणाला, "माज्या खिशात मृणालीनं दिलेला फोन हाय. काढ. मनोजला लाव."

"तुमी बोला."

"तूच सांग."

हात लुगड्याला पुसून कमळाने शर्टाच्या खिशातून फोन काढला. मनोज त्यांचा मुलगा, कोनला घरीच होता. महिनाभर मनात घोळवलेली सगळी वाक्यं आता नेमकी पळून गेली.

"मनोज, आपलं खाडीचं शेत द्यायचं न्हाय," ती म्हणाली. "शेजारच्या लडकूकडं जा. त्याच्या राबातली रोपं उरली आसतील ती मागून घे. आनि उद्याच मानसं लाव."

"आई, काय बोलतेस? शेत घेणारी पार्टी रविवारी मोजणी करायला येणाराय. बाबांना दे जरा."

कमळाने नवऱ्याकडे पाहिलं. तो वाकलेला होता, हातात शेवटची मूठ, आणि त्याने मान वर केली नाही.

"त्यांना बोलायला येल न्हाय," ती म्हणाली. "ते लावनीला हायेत."