जागेवाल्याला नारळ

भागोजीने दोरीला ताणून धरणारा खुंटा पायाने हलवून पाहिला. मग उकिडवं बसून, एक डोळा मिटून त्याने विहिरीपासून आंब्यापर्यंत नजर लावली. लाकडी खोलीसाठी मांडलेले सिमेंटचे ठोकळे आंब्याच्या पलीकडेच होते, पुतण्याच्या हद्दीत. बोटभरही अलीकडे नाहीत. आणि हेच त्याला खुपत होतं. इतकं सरळ कुणी वागतं का?

पुतण्या केतन उरणला कंटेनर यार्डात कामाला. खोली अलिबागहून यायची होती. भिंती सुट्या, इथे नुसत्या जोडायच्या. पर्यटकांना राहायला म्हणे. आज खोली, उद्या तिला पडवी, परवा पाहुण्यांच्या गाड्या आपल्या अंगणात. भागोजीला सगळं दिसत होतं. वाटणी तोंडीच झालेली. बापाने दोघा भावांना उभं करून विहीर ते आंबा अशी हद्द दाखवली होती. धाकटा सीताराम, केतनचा बाप, गेला. पाहिलेला आता एकटा भागोजीच.

“काका, ट्रक रेवदंड्याच्या पुढं आलाय,” केतन म्हणाला. “जागेवाल्याला नारळ द्यायचा हाय. गाऱ्हाणं तुम्हीच घाला.”

मलाच का? भागोजी सावध झाला. घरातल्या जाणत्याने जागेवाल्यापुढे, जागेच्या राखणदार देवापुढे, काढलेला शब्द गावात कुणी मोडत नाही. उद्या हा म्हणेल, काकानेच नारळ देऊन जागा मोकळी केली. गोडीगुलाबीने गळा कापायचा बेत! ठीक. बोलायचंच, तर आपल्या सोयीचं बोलू.

नारळ हातात घेऊन त्याने डोळे मिटले.

“बा जागेवाल्या, पोर नवं काम करतंय, सांभाळून घे. विहीर ते फणस ही आमच्या वडिलांची हद्द. अलीकडचं माझं, पलीकडचं केतनचं. जो कोण लबाडी करंल त्याला तू बघून घे.”

“व्हय म्हाराजा,” गवंडी धर्मा म्हणाला.

नारळ एका घावात फुटला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं. केतन फणसाकडे बघत होता. फणस आंब्याच्या बराच पलीकडे, त्याच्या स्वयंपाकघराला लागून. आता हा भांडणार, म्हणून भागोजीने उत्तरं जिभेवर तयार ठेवली.

“धर्मा, ठोकळे काढ. फणसाच्या पलीकडं घे.”

“अरे, खोली तुझ्या चुलीला टेकंल. खिडकीपन उघडनार न्हाय.”

“टेकू दे. मी आंबा धरून चाललो होतो, चुकलंच माझं.” केतन भागोजीकडे वळला. “बाबा सांगून गेलेत, हद्दीचं अडलं तर काकाला विचार. तो खोटं बोलायचा न्हाय.”

भागोजीने प्रसादाचं खोबरं तोंडाशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं. एवढ्यात ट्रक आला. पहिली भिंत उतरवायला एक माणूस कमी पडत होता.

“केतन...”

“काय काका?”

भागोजीने आंब्याकडे पाहिलं. धर्माने तिथला शेवटचा ठोकळा उचलला होता.

“काय न्हाय. कुठली बाजू धरू?”

आणि भिंतीला खांदा लावून तो पुतण्याच्या खिडकीकडे चालू लागला.