सगुणानं भरलेली काडतुसं

आमच्या रत्नागिरीच्या चांदमारीवर एक नियम होता. घरी भरलेलं काडतूस उडवायचं, तर ते भरणाऱ्यानं बंदूकवाल्याच्या शेजारी उभं राहायचं. म्हणजे दारू भरताना कोणी हयगय करत नाही. माझी काडतुसं बायको भरायची. सगुणा पदर खोचून, कानांवर हात ठेवून शेजारी उभी राहायची.

सन एकतीसच्या शिमग्यात ती गेली. पुढे तिनं भरलेली उरलीसुरली काडतुसं घेऊन मी एकटाच चांदमारीवर गेलो.

नव्या हवालदारानं विचारलं, "कोणी भरलीत ही?"

"बायकोनं."

"मग बोलवा तिला."

"तूच बोलावून बघ, मेल्या! येते का ती!" मी खेकसलो.

तो वरमला. खोक्यातून विकतची काडतुसं काढून हळूच म्हणाला, "काका, ही उडवा. ह्यांना शेजारी कोणी लागत नाही."