सुचेताबाईंचं मत

"आई, तुमच्याकडून चुकून दाबलं गेलं वाटतं," श्रद्धा म्हणाली आणि सासूबाईंच्या हातातला फोन तिने अगदी प्रेमाने काढून घेतला. "तुमचं व्होट हॅटनला गेलंय. थांबा, चेंज करते."

"चुकून नाही गं..." सुचेताबाई म्हणेपर्यंत काम झालंसुद्धा होतं.

उन्हाळ्यात लांब, अरुंद नॅरोबोट भाड्याने घेऊन आठवडाभर कालव्यातून हिंडायचं ठरलं होतं. वाट कुठली घ्यायची, यासाठी सुयशने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान लावलं होतं. एक अ‍ॅशबीचा कालवा, सपाट आणि शांत. दुसरी हॅटनची वाट, तिथे कालवा एकामागून एक लॉक, म्हणजे दारं लावलेल्या पाण्याच्या पायऱ्या, चढत टेकडीवर जातो. प्रत्येक लॉकमध्ये बोट घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर आली की पुढच्या दाराच्या लाकडी दांड्याला पाठ लावून ते रेटायचं.

"फोर-झिरो!" सुयश खूश झाला. "अ‍ॅशबी फायनल. आईसाठी बेस्ट आहे, तिच्या गुडघ्यांना त्रास नको."

आईसाठी! आणि आई समोर बसून पोहे खातेय. बर्मिंगहॅमच्या वॉर्डात डॉक्टर पेशंटला ओलांडून नातेवाइकांशी बोलू लागले, की सिस्टर सुचेता तिथल्या तिथे सुनावायची, "पेशंट जागा आहे, त्यालाच विचारा." निवृत्तीनंतर तिची स्वतःची गत त्या पेशंटसारखी झाली होती. भाजी चिरायला घेतली की हातातून सुरी जायची, पिशवी उचलली की पिशवी जायची. आज मत गेलं. आणि या सगळ्याला म्हणायचं आदर!

"मला हॅटनच हवंय, सुयश. बाबांचं आणि माझं ठरलं होतं."

"अगं, पण ते लॉक्स हेवी असतात. तुला झेपणार आहे का?"

"आजी, यू विल स्लिप," नात अक्षया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "तू फक्त बसायचा आणि एन्जॉय करायचा."

झेपणार आहे का म्हणे! सुयशला पाळणाघरात सोडून रात्रपाळ्या झेपल्या, नवऱ्याच्या, शशिधरच्या आजारपणात त्याला उठवणं-बसवणं झेपलं. तेव्हा कुणाला गुडघे दिसले नव्हते.

शशिधर होता तेव्हा दोघं डबा घेऊन हॅटनला जायची. स्वतःची बोट घेऊन यायचं दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं. तोवर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटींना मदत करायचा. तिथल्या लॉकच्या दाराला दोन फळ्या, दोन काठांवर. एकीला पाठ लावून तो, पलीकडच्या काठावर सुचेता. "हं, लाव जोर!" तो ओरडायचा, आणि दोन्ही फळ्या एकदम उघडायच्या. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला आणि पुढचं वर्ष राहूनच गेलं.

"गुडघे माझे आहेत," सुचेताबाईंनी बशी खाली ठेवली. "आणि मतही माझं होतं. न विचारता बदललंत कसं?"

श्रद्धाचे डोळे भरून आले. "आई, तुमच्या काळजीनेच केलं ना?"

इथेच तर सगळं अडायचं. कुणी अपमान केला असता, तर चार शब्द सुनावता आले असते. काळजीपुढे काय बोलणार? सुचेताबाईंनी पोहे संपवले आणि त्या उठल्या. पण संताप काही गेला नाही.

सकाळी सगळे कामाला गेल्यावर त्यांनी कोट चढवला, कुणाला न सांगता ट्रेन पकडली आणि हॅटन गाठलं. एका लॉकमध्ये हिरवी नॅरोबोट वर येत होती. बोटीवर एकटीच बाई, केस पांढरे, हात तेलकट. तिने वर पाहिलं आणि सरळ हाक मारली, "गेट घेशील का, लव्ह?"

'सांभाळून' नाही, 'झेपेल का' नाही, 'बस' तर नाहीच नाही. सुचेताबाईंना एकदम रडूच आलं. त्यांनी दांड्याला पाठ लावली. गुडघे कुरकुरले. दार आधी ढिम्म हललं नाही, मग आतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीला आलं आणि दार संथपणे सरकू लागलं. त्यांनी सवयीने पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

"आणि ते दुसरं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"राहू दे! माझी बोट बारीक आहे, एकातून निघेल."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. श्रद्धा होती. "आई, घरचा फोन उचलला नाहीत! कुठे आहात? बसायला जागा आहे ना?"

"कामात आहे," सुचेताबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

बोट अर्ध्या दारातून अलगद बाहेर पडली. पलीकडची फळी बंदच होती, तिच्या दांड्यापाशी कुणी नव्हतं. सुचेताबाईंनी आपलं दार रेटून पुन्हा लावलं, कोटाच्या पाठीला लागलेलं हिरवं शेवाळ तसंच राहू दिलं आणि त्या पुढच्या लॉककडे चालू लागल्या.