जवखाऊंची कढई

मी एक जुनी काशाची कढई आहे. जुनी म्हटले म्हणून नाक मुरडू नका. इफिससच्या बंदरावरच्या कासाराने मला ठोकून ठोकून घडवले आणि दोन गड्यांनी दांड्याला टांगून ग्लॅडिएटरांच्या तालमीत आणले. चांदीचे पेले काय, सणापुरते निघतात आणि मिरवून परत फडताळात जातात. इथल्या गड्यांचे अंग मी पोसले आहे.

मित्रांनो, माझ्यात रोज जव आणि पावटे शिजत. तातिया नावाची म्हातारी स्वयंपाकीण ती लापशी ढवळायची. तिचा पळा जेवढा लांब, तेवढीच जीभही. लापशीने गड्यांच्या पोटावर चरबीचा थर चढे. वस्ताद एपाफ्रास नव्या गड्याच्या पोटाला चिमटा काढून सांगायचा, "ही गादी सांभाळ, गड्या. तलवार हिच्यातच अडकते. रक्त वाहतं, लोक ओरडतात, आणि तू आपला जेवायला परत येतोस."

गावाला त्याचे काय! गाव आमच्या माणसांना 'जवखाऊ' म्हणून हिणवायचे.

मार्गारितेस हा आमचा नावाजलेला गडी. त्याची बायको अम्मिया तालमीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत राहायची. एके दिवशी ती रिकामी घागर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे लाल.

"पाणवठ्यावर विचारतात, तुझ्या नवऱ्याला कितवा महिना? मावशी, व्यायामशाळेत धावपटूंचे पुतळे आहेत ना, त्यांची पोटं बघा. वाळूवर लाटा उमटाव्यात तशी! आणि माझा हा!"

"पुतळ्याला कुणी भोसकत नाही गं बाई," तातिया म्हणाली.

"तुमचं खाणंच डुकराचं, त्याला तो काय करणार!"

डुकराचे! चुलीवर नसते तरी मी तापले असते. तातियाने पळा माझ्या काठावर आपटला आणि पाठ फिरवली. तिला वाटले, तरणी पोर आहे, रडून मोकळी होईल.

पण अम्मिया रडून थांबली नाही. पोट उतरव म्हणून तिने नवऱ्याकडे हट्टच धरला. मार्गारितेसचा तिच्यावर भारी जीव. तो आपली लापशी गुपचूप शेजाऱ्याच्या वाडग्यात ओतू लागला आणि खोलीवर जाऊन तिने भाजलेले मासे खाऊ लागला. वस्ताद तेव्हा दुसऱ्या गावच्या खेळांना गडी घेऊन गेला होता. विचारणारे कोणी नव्हते. मार्गारितेसचे पोट उतरले. कमरेचा रुंद पट्टा सैल झाला, तेव्हा अम्मियाने हौसेने त्याला नवे भोक पाडून दिले.

वस्ताद परतला तो सणाच्या झुंजींच्या आदल्या दिवशी. सवयीने त्याचा हात मार्गारितेसच्या पोटाकडे गेला. चिमटीत नुसती कातडी आली.

"गादी कुठाय रे?"

"बायकोला आवडत नव्हती, वस्ताद."

एरवी असल्या उत्तरावर अख्खी तालीम खिदळली असती. त्या दिवशी कुणी हसले नाही. उद्याच्या झुंजीसाठी मार्गारितेसचे नाव गावभर भिंतींवर रंगवून झाले होते. ते आता वस्तादालाही पुसता येत नव्हते.

तातियाने अम्मियाला बोलावून सगळे उघड सांगितले. अम्मियाने म्हातारीच्या हातातला पळा हिसकावला. आजवर ती छाती कुणाची झाली नव्हती. वाडग्यामागून वाडगा भरून ती नवऱ्यापुढे ठेवू लागली.

"अजून एक. माझ्यासाठी."

"पुरे गं, अम्मिया. उद्या मला हलता यायला हवं."

तातियाने तिचे मनगट धरले. "पोरी, चरबी अशी एका पंगतीत चढत नसते." म्हातारीचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वार पोटावरच बसला. तसला वार घेऊन तो पूर्वी हसत परत आला होता. या वेळी त्याला फळीवर घालून आणले. वैद्याने जवाची पातळ पेज मागितली. तातियाने ती माझ्यातून वाटीत काढली. वाटी तशीच परत आली.

पुढे त्याच्या थडग्याचा दगड आमच्याच अंगणात कोरला गेला. पाथरवटाने हातांवरची धूळ झटकली. "बघा बाई, कसा देखणा काढलाय!"

दगडावर सडपातळ, पुतळ्यासारखा पुरुष उभा होता. अम्मिया दगडाजवळ आली.

"हा कोण?"

"तुमचे मालक."

"त्यांना पोट होतं," ती म्हणाली. "तेवढं कोरून द्या ना."

पाथरवट ओशाळला. "एकदा तासलेला दगड परत भरता येत नाही, बाई."

मित्रांनो, आता माझा तळ फुटला आहे. मला कोपऱ्यात टाकून माझ्यात कोळसे भरतात. भरोत. मला कुणाची कीव नको. पण माझे एवढे ऐका. कुणाच्या अंगाला हसण्याआधी, त्या अंगाला काय सोसायचे आहे ते विचारा. आणि आपल्या माणसाकडे कधी पाणवठ्यावरच्या डोळ्यांनी बघू नका.